स्कायला काय बघायचं ते नंतर, आधी जेवणाचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडच्या आयल ऑफ स्काय बेटावर कुठे जेवायचं यावर पानभर मजकूर आला होता, फोटो वगैरे मस्त होते, आणि मग पुढच्याच आठवड्यात एका वाचकांचं पत्र की तिथे शाकाहारी माणसाचे फार हाल होतात, त्यापेक्षा बॅगेतून खाकरे नि रेडी टु ईटची पाकिटं न्या. दोन्ही वाचून राहवेना म्हणून लिहितेय. मी इन्व्हर्नेसला राहते, इथून स्कायचं पोर्ट्री गाव गाडीने साधारण अडीच तास, त्यामुळे घरी कोणीही पाहुणे आले की स्काय आलंच आणि त्यांना तिथे जेवायला कुठे न्यायचं हे कामही ओघाने माझ्याच गळ्यात.

तुमची यादी चुकीची आहे असं मुळीच म्हणायचं नाहीये. थ्री चिमनीज आहेच ना भारी, कोलबोस्टला लॉक डनवेगन या खाडीच्या काठावरचं ते जुनं दगडी घर, शर्ली आणि एडी स्पिअर या नवरा-बायकोने १९८०च्या दशकात तिथे हॉटेल काढलं तेव्हा एवढ्या आडबाजूला जेवायला येणार कोण असंच लोकांना वाटलं असणार, आणि पुढे जगभरातून लोक तिथे जेवायला म्हणून यायला लागले. २०१९ मध्ये त्यांनी ते विकलं. त्यांचं मार्मलेडचं गरम पुडिंग आणि त्यावर ड्रॅम्बुईचं, म्हणजे व्हिस्कीपासूनच्या गोड मद्याचं, कस्टर्ड ही गोष्ट इथे सगळ्यांना माहितीये. एडिनबेन लॉजचंही तेच, स्कायचाच मुलगा कॅलम मॉन्टगोमेरी तिथे शेफ आहे. पण अशा ठिकाणचा टेस्टिंग मेन्यू म्हणजे माणशी शंभर पौंड आणि त्याच्याही पुढे, टेबल कित्येक आठवडे आधी धरावं लागतं, आणि सोबत सात वर्षांचं पोर नि गुडघे दुखणारी आई असेल तर तीन तास एका जागी बसून ताटात एकेक घास येण्याची वाट कोण बघणार? आपल्याकडून येणाऱ्या शंभरातल्या नव्वद कुटुंबांना दुपारी गरम सूप, संध्याकाळी पोटभर काहीतरी आणि टॉयलेट एवढंच हवं असतं. त्याबद्दल पानभर मजकुरात एक ओळ नव्हती.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे वेळ. स्कायवर खायला मिळत नाही असं नाही, आपण जेव्हा जातो तेव्हा मिळत नाही. हे एकदा नीट छापा हो, बाकी सगळी यादी गेली उडत.

बहुतेक ठिकाणी दुपारचं जेवण बारा ते अडीच, मग किचन बंद, मग साडेपाच-सहाला पुन्हा सुरू आणि रात्री आठ-साडेआठला लास्ट ऑर्डर. पब उघडा असतो अकरापर्यंत, दिवे चालू, आत माणसं हसतायत, पण किचन बंद म्हणजे बंद, मग फक्त बिअर आणि वेफर्सची पाकिटं. कॅफे तर चार-साडेचारलाच खुर्च्या टेबलावर उलट्या टाकायला लागतात. आणि जूनमध्ये इथे सूर्य मावळतो दहा वाजून गेल्यावर. घड्याळाकडे बघितलं नाही तर आठ वाजता दुपारचे चार वाटतात, त्यात क्विरँगच्या डोंगरावरून खाली उतरताना फोटो काढत काढत कोणाला वेळेचं भान असतं.

आमचे दीर आणि जाऊबाई आले होते तेव्हाची गोष्ट. मी दोनदा म्हटलं की सहाला जेवून घेऊ, स्टॉरचा सुळका उद्या सकाळी बघू, तर दीर म्हणाले वहिनी सहाला कोण जेवतं, तो चहाचा टाइम आहे. झालं. नऊला दहा कमी असताना एका पबमध्ये शिरलो, बाहेर लख्ख ऊन, काउंटरवरची मुलगी अगदी गोड हसून सॉरी म्हणाली, किचन साडेआठला बंद झालं. तिच्यामागे फळ्यावर खडूने लिहिलेल्या सहा पदार्थांपैकी चारांवर आधीच काट मारलेली होती, म्हणजे वेळेत आलो असतो तरी दोनच उरले होते. दुसऱ्या ठिकाणी तेच, तिसऱ्या ठिकाणी बुकिंग आहे का विचारलं. शेवटी पोर्ट्रीच्या को-ऑप सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, टोमॅटो आणि हमसचा डबा घेऊन गाडीत सँडविच लावली, तीही प्लॅस्टिकच्या चमच्याने, कारण सुरी नव्हती. दीर दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच विचारायला लागले जायचं का जेवायला.

हे असं का, याचं कारण कळलं की राग येत नाही. अख्ख्या बेटाची वस्ती दहा हजारांच्या आसपास, पोर्ट्री हे सगळ्यात मोठं गाव, तेही जेमतेम अडीच हजारांचं. १९९५ साली मेनलँडवरून पूल झाला, २००४च्या शेवटी त्याचा टोल रद्द झाला, मग सोशल मीडियावरचे ते धबधबे आणि सुळके, त्यामुळे उन्हाळ्यात लाखोंनी माणसं येतात पण स्वयंपाक करणारी नि वाढणारी माणसं आणायची कुठून? ती राहणार कुठे? घरं सगळी हॉलिडे लेटला, म्हणजे पर्यटकांना भाड्याने गेलेली, भाड्याने खोली मिळत नाही, ब्रेक्झिटनंतर युरोपातून येणारी पोरं कमी झाली. मग मालक काय करतो, आठवड्यातले दोन दिवस बंद ठेवतो, मेन्यू छोटा करतो, आठला किचन आवरतो. दारावर चिकटवलेला कागद दिसतो, आज स्टाफ नाही म्हणून बंद. आपण म्हणतो काय ही धंद्याची पद्धत, गिऱ्हाईक दारात आणि हे कुलूप लावतायत, पण ज्या मुलीने सकाळी नाश्ता वाढला तीच रात्री भांडी घासत असते हे एकदा बघितलं की तोंड आपोआप गप्प बसतं.

त्यामुळे माझं सरळ म्हणणं असं, की स्कायचा प्लॅन करताना रात्रीचं जेवण आधी ठरवा आणि त्याच्या भोवती दिवस बांधा. लोक उलटं करतात. नकाशावर आधी फेअरी पूल्सचे डोह, स्टॉर, नीस्ट पॉइंट, डनवेगनचा किल्ला असे टिंब टिंब लावतात आणि जेवण मध्ये कुठेतरी होईल म्हणतात. मध्ये कुठेच होत नाही. मध्ये मेंढ्या आहेत.

आता भागाभागाने सांगते, नावं मुद्दाम कमी देतेय कारण इथे शेफ बदलतात, जागा विकल्या जातात, दोन वर्षांपूर्वीचं नाव आज चालू असेलच असं नाही, जायच्या आधी फोन करा किंवा त्यांच्या पेजवर या आठवड्याच्या वेळा बघा, गूगलवरच्या वेळांवर फार विसंबू नका.

पोर्ट्रीत पर्याय सगळ्यात जास्त, आणि गर्दीही. बंदरावर ती रंगीत घरं आहेत ना, सगळ्यांच्या फोटोत असतात ती, तिथे खाली फिश अँड चिप्स मिळतात, रांग मोठी दिसली तरी पटापट सरकते. बाहेर उभं राहून खाल्ले तर पैसे वाचतात, पण सीगल सांभाळा, एकदा जावेच्या हातातला तुकडा चोचीत घेऊन गेला तो पक्षी आणि ती बिचारी नुसता कागद धरून उभी. क्रूझ बोट आली असेल त्या दिवशी मात्र दुपारी पोर्ट्रीत जेवायचा नादच सोडा, बोट खाडीत उभी राहते आणि छोट्या होड्यांतून शेकडो माणसं एकदम गावात उतरतात. गावात इंडियन जेवणही मिळतं, तेही सांगून ठेवते, चौथ्या दिवशी घरातली वडीलधारी माणसं भाताची आठवण काढायला लागतात तेव्हा उपयोगी पडतं. चव ब्रिटिश करी हाउसची, म्हणजे थोडी गोड आणि मलईदार, घरची अपेक्षा ठेवू नका, पण गरम तडका डाळ आणि भात समोर आला की कोणी तक्रार करत नाही.

पश्चिमेला म्हणजे डनवेगन-नीस्ट पॉइंटच्या बाजूला जाताना पोटात काहीतरी टाकूनच निघा. नीस्ट पॉइंटला दीपगृह बघायला माणसं सूर्यास्तासाठी जातात, आणि सूर्यास्त संपेपर्यंत अख्ख्या बेटाची किचनं झोपलेली असतात. मग सिंगल ट्रॅक रस्ता, समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये थांबा, अंधार, उपाशीपोटी माणसं गाडीत एकमेकांशी कशी बोलतात ते वेगळं सांगायला नको. त्यापेक्षा वॉटरनिशला स्टीन नावाच्या छोट्या वस्तीत जा, तिथे स्टीन इन आहे, अठराव्या शतकातला, स्कायवरचा सगळ्यात जुना इन म्हणतात त्याला, अगदी पाण्याच्या काठावर, आणि तोंड पश्चिमेला. सहा-साडेसहाचं टेबल घ्या, आरामात जेवा, मग बाहेर येऊन बसा, सूर्यास्त तिथूनही दिसतो की.

फेअरी पूल्सला जाणार असाल तर कार्बोस्ट जवळ पडतं. तिथे टॅलिस्कर व्हिस्कीची डिस्टिलरी आहे, १८३०ची, ती सगळ्यांना माहिती असते, पण तिच्या वरच्या अंगाला ऑयस्टर शेड आहे ते मासे खाणाऱ्यांनी अजिबात चुकवू नये. नावाप्रमाणे शेडच, पांढऱ्या टेबलक्लॉथवालं काही नाही, खोक्यात घ्यायचं आणि खायचं. ऑयस्टर, म्हणजे कालवं, तिथल्या तिथे सुरीने फोडून देतात, शिंपल्यात अजून समुद्राचं पाणी असतं, वर लिंबू पिळायचं आणि सरळ तोंडात. आमच्या घरात यावर दोन तट आहेत, नवरा डझनभर खाऊ शकतो, मला एक पुरतो, पण तिथले गार्लिक बटरमधले स्कॅलप्स मात्र मी कोणाला देत नाही. वारा नसेल तर चिलटं, ज्यांना इथे मिज म्हणतात, ती असा जीव नकोसा करतात की विचारू नका, मे ते सप्टेंबर बाहेर बसून खायचं असेल तर वारा असलेलाच बरा.

तिथून परत फिरताना स्लिगाहनला ओल्ड ब्रिजपाशी हॉटेल आहे, मागे कूलिनचे काळे डोंगर. गिर्यारोहकांचं जुनं ठिकाण, बार मोठा, बूट चिखलाने भरलेले असले तरी कोणी नाक मुरडत नाही, मुलं घेऊन जायला सोपं. जेवण साधं पबचं, त्यात हरकत काय आहे, दिवसभर पावसात भिजल्यावर माणसाला फोम आणि पाकळ्या नको असतात.

उत्तरेकडे ट्रॉटरनिशला, म्हणजे स्टॉर नि क्विरँगच्या बाजूला, फार विरळ आहे सगळं. ऊइगला फेरीच्या धक्क्यापाशी थोडंफार मिळतं, तिथेच आयल ऑफ स्काय ब्रुअरी आहे, बिअर प्यायची असेल तर बाटल्या रूमवर न्या. गाडी चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये असं मी सांगते, कारण स्कॉटलंडची ड्रिंक ड्राइव्हची मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कमी आहे, शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तिकडे ८०. लंडनहून गाडी घेऊन येणारे आपले लोक एक पाइंट चालतो म्हणतात, इथे तोच एक पाइंट महागात पडू शकतो. म्हणून शक्य असेल तर राहायची जागाच अशी घ्या की जेवून चालत परत येता येईल.

दक्षिणेला ब्रॉडफर्ड. लोक पूल ओलांडतात आणि तिथून भर्रकन पोर्ट्रीकडे निघून जातात, पण जेवायला मला ब्रॉडफर्ड जास्त सोयीचं वाटतं. कॅफे सियाचा लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा आहे, म्हणजे मुलं खूश, शाकाहारी खूश. पेट्रोल पंपाला लागून को-ऑप आहे, ते सगळीकडे बंद झाल्यावर खरा आधार. ड्रॅम्बुईची कहाणीही इथलीच, बॉनी प्रिन्स चार्ली या बंडात हरलेल्या राजपुत्राने १७४६ला पळून जाताना पाककृती दिली ही दंतकथा, पण १८७०च्या दशकात ती ब्रॉडफर्डच्या हॉटेलात बनत होती असं सांगतात. स्लेटकडे गेलात तर आर्मडेलहून मॅलेगची फेरी आहे, तिच्या वेळेच्या तासभर आधी काहीतरी खाऊन घ्या, नाहीतर एक हात स्टीअरिंगवर नि एका हातात सँडविच अशी रांगेत थांबायची वेळ येते.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर स्कॉन्सरवरून रासे बेटाची फेरी घ्या, पंचवीस मिनिटं लागतात, तिथे डिस्टिलरीही आहे आणि रासे हाउसमध्ये जेवायलाही मिळतं, गर्दी स्कायच्या मानाने काहीच नाही. जाताना परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी बघा, एवढंच.

आता त्या पत्रलेखकांच्या शाकाहाराच्या मुद्द्याकडे येते. त्यांची तळमळ कळते, माझ्या आईने अंडंही कधी खाल्लेलं नाही. पण हाल होतात हे आता खरं राहिलेलं नाही. मेन्यूवर व्ही आणि व्हीई अशी अक्षरं असतात, व्हीई म्हणजे व्हीगन, आपल्या अंडं न खाणाऱ्या माणसाने सरळ तेच बघावं, नाहीतर व्ही लिहिलेल्या क्वीशमध्ये अंडं निघतं. व्हेजिटेरियन म्हटलं की अजूनही एखादा म्हातारा वेटर फिश चालेल ना विचारतो, रागावू नका, नो मीट, नो फिश, नो एग असं एका दमात सांगा. अॅलर्जीच्या कायद्यामुळे १४ प्रकारच्या पदार्थांची माहिती त्यांना द्यावीच लागते आणि अंडं, मासे, दूध त्यात येतात, त्यामुळे विचारलं की फाइल काढून दाखवतात.

गंमत अशी की जे दिसायला शाकाहारी तेच फसवतं. लेंटिल सूप बघून आईचे डोळे चमकले, मसुराची आमटीच की गं ही म्हणाली, पण स्कॉटिश पद्धतीत ते हॅमच्या हाडाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून आधी स्टॉक कसला आहे विचारायचं, बऱ्याच कॅफेत आता व्हेज स्टॉक वापरतात पण विचारायचंच. कलन स्किंक हे पांढरं बटाट्याचं सूप दिसतं, त्यात धुरावलेला हॅडक मासा असतो. चिप्स, म्हणजे बटाट्याचे काप, काही ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात, चिपीच्या, म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानाच्या खिडकीत उभं राहून कुठल्या तेलात तळता हे विचारायला लाजू नका, त्यांना रोज कोणीतरी विचारतंच. आणि त्याच तेलात मासे तळलेले चालतात का हे ज्याचं त्याने घरी ठरवून यावं, तिथे रांगेत उभं राहून चर्चा नको.

उलट ज्याला लोक घाबरतात तो हॅगिस व्हेज मिळतो! मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा जो खरा हॅगिस, त्याचं हे शाकाहारी रूप ओट्स, डाळी, बिया आणि मिरपूड घालून करतात, मॅकस्वीन कंपनीने १९८४ मध्ये आणलं, आता सगळीकडे मिळतं. सोबत नीप्स नि टॅटीज, म्हणजे पिवळ्या सलगमाचा आणि बटाट्याचा लगदा. आईला जाम आवडलं, फक्त वरून व्हिस्कीचा सॉस नको म्हणून सांगावं लागलं. मॅकरोनी चीज जवळपास प्रत्येक पबमध्ये असतं, लहान मुलांचा प्रश्न तिथेच मिटतो. आणि सकाळचा नाश्ता! बी अँड बीमध्ये, म्हणजे नाश्ता देणाऱ्या घरगुती लॉजमध्ये राहिलात तर आदल्या रात्री व्हेज सांगा, ओट्सची पॉरिज, टॅटी स्कोन, मशरूम, बीन्स, भाजलेला टोमॅटो, टोस्ट, एवढं येतं की दुपारी नुसतं सूप पुरतं. मग संध्याकाळी सहाला जेवायला काहीच अडचण नाही, भूक बरोबर तेव्हाच लागते. बी अँड बीच्या मालकिणीला आणखी एक विचारायचं, आज आजूबाजूला कोणाचं किचन चालू आहे, तिला कुठल्याही वेबसाइटपेक्षा जास्त माहिती असते आणि बऱ्याचदा तीच फोन करून टेबल लावून देते.

खाकरे जरूर न्या, डोंगरावर चढताना मी पण नेते. पण तीनही वेळा रूमवर पाकिटं फाडून खायची असतील तर एवढ्या लांब यायचं कशाला.

मासे खाणाऱ्यांसाठी एवढंच की मेन्यूवर प्रॉन्स लिहिलं असेल तर इथे बऱ्याचदा ते लँगुस्टीन असतात, लांब नांग्यांचे, क्रीलमध्ये म्हणजे पिंजऱ्यात पकडलेले, आणि यातला मोठा हिस्सा ट्रकमध्ये बसून थेट स्पेन-फ्रान्सला जातो, त्यामुळे जिथे फळ्यावर दिसतील तिथे सोडू नका. कवच हाताने फोडावं लागतं, बोटं बरबटतात, आपल्याला त्यात नवीन काय. स्कॉन्सरचे स्कॅलप्स असं लिहिलेलं दिसलं तर तेही. सामन मासा मात्र बराचसा फार्मचा असतो, त्याचे वेगळे पैसे मोजताना विचार करा.

पैशांचा अंदाज म्हणाल तर सूप-ब्रेड सात-आठ पौंड, पबमध्ये बसून फिश अँड चिप्स पंधरा ते वीस. नळाचं पाणी फुकट मागा, दारूचं लायसन्स असलेल्या ठिकाणी ते द्यावंच लागतं आणि स्कॉटलंडचं पाणी बाटलीपेक्षा चांगलं आहे. टीप साधारण दहा टक्के, बिलात सर्व्हिस चार्ज आधीच धरला असेल तर परत देऊ नका, ऑक्टोबर २०२४ पासून तो पैसा स्टाफलाच द्यायचा असा कायदा आहे. मुलं बरोबर असतील तर फोनवरच विचारा, बऱ्याच पबमध्ये ठरावीक वेळेनंतर मुलांना बसू देत नाहीत.

रविवारी अंमळ जास्त सांभाळा. १९६५ला रविवारची पहिली फेरी कायलॅकिनला आली तेव्हा रविवार पाळायचा म्हणून एक पाद्री धक्क्यावर गाडीसमोर आडवे पडले होते, तितकं कडक आता स्कायवर काही नाही, पण रविवार-सोमवार बंद ठेवणारी ठिकाणं आहेत. आणि नोव्हेंबर ते मार्च निम्मं बेट बंद असतं, ईस्टरला जाग येते, ऑक्टोबर संपला की परत कुलूप.

एक गोष्ट तुमच्या लेखात हवी होती असं फार वाटलं, ती म्हणजे ऑनेस्टी बॉक्स. रस्त्याकडेला कुठेतरी फाटकापाशी छोटं कपाट किंवा जुना फ्रिज ठेवलेला असतो, माणूस कोणी नाही, आत घरचे स्कोन, लिंबाचा केक, टॅब्लेट म्हणजे इथली दुधाची कडक वडी, अंडी, कधी जॅम. किंमत चिठ्ठीवर, पैसे डब्यात टाकायचे नि घेऊन जायचं. सुटे पौंड गाडीत ठेवा, नोट मोडून द्यायला तिथे कोणी नसतं, काही ठिकाणी आता क्यूआर कोड चिकटवलाय पण नेटवर्क असेल तर ना. आमच्या भाच्याने पहिल्यांदा असा डबा बघून विचारलं, मामी कॅमेरा कुठे लावलाय? शोधून शोधून सापडला नाही तेव्हा त्याने केकचे साडेतीन पौंड होते तिथे चार टाकले.

तर संपादक महाशय, यादी परत छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे किचन किती ते किती, कुठले वार बंद, बुकिंग लागतं का, व्हेज काय, एवढे चार रकाने द्या, फोटो दोन कमी चालतील. आणि एक विनंती, मे महिन्याच्या सुट्टीचे हे लेख तुम्ही एप्रिलमध्ये छापता, स्कायचा लेख जानेवारीत छापा, कारण मे-जूनची राहायची जागा आणि बऱ्या ठिकाणची टेबलं लोक तेव्हाच धरून बसतात आणि एप्रिलमध्ये लेख वाचून निघणाऱ्याच्या वाट्याला ते ब्रॉडफर्डचं को-ऑपच येतं.

कळावे,
आपली नियमित वाचक,
इन्व्हर्नेस, स्कॉटलंड